हेतूचा प्रश्न : कलम २९५-अ आणि धर्मनिंदेच्या कायद्यांचा इतिहास

ईश्वरनिंदेच्या आधुनिक कायद्यांची दोन घराणी आहेत. पहिल्या घराण्यातला कायदा श्रद्धेचे रक्षण करतो. अमुक धर्म हा राज्याचा धर्म असल्याने त्याच्याविरुद्ध बोलणे म्हणजे राज्याच्या पायावर घाव घालणे, असे तो मानतो. दुसऱ्या घराण्यातला कायदा कोणत्याही एका धर्माचा कैवार घेत नाही. माणसांच्या धार्मिक भावना आणि त्या दुखावल्यामुळे बिघडणारी शांतता यांची तो चिंता वाहतो. भारतीय उपखंडातला कायदा या दुसऱ्या घराण्यातला आहे. १८६० मध्ये तो संमत झाला, १९२७ मध्ये त्यात एका कलमाची भर पडली, आणि ब्रिटिश सत्ता गेल्यावरही ते कलम त्याच आकड्यानिशी भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश आणि पुढे बांगलादेशात टिकून राहिले. कलम २९५-अ ते हेच. या देशांत पुढे त्याचे जे झाले, ते समजायला गुन्हेगाराच्या हेतूविषयी कायदा काय विचारतो, हे पाहावे लागते.

हा कायदा ज्यांनी आणला त्यांच्या मायदेशी मात्र पहिल्या घराण्याचे राज्य होते. इंग्लंडमध्ये १६७६ साली जॉन टेलर नावाच्या माणसावर येशूची निंदा केल्याचा खटला चालला. मुख्य न्यायाधीश मॅथ्यू हेल यांनी निकाल देताना ख्रिस्ती धर्म हा इंग्लंडच्या कायद्याचाच भाग असल्याचे सांगितले आणि टेलरला भर चौकात खोड्यात उभे करण्याची शिक्षा दिली. स्कॉटलंडमध्ये १६९७ च्या जानेवारीत थॉमस एकनहेड या विद्यार्थ्याला एडिंबरात फाशी दिली गेली. ईश्वरनिंदेसाठी ब्रिटनमध्ये झालेली ही अखेरची फाशी. हेल यांचे सूत्र सैल व्हायला दोनशे वर्षे लागली. १८८३ मध्ये जॉर्ज फूट या निरीश्वरवादी संपादकाच्या एका खटल्यात न्यायमूर्ती कोलरिज यांनी नवी फूटपट्टी लावली. वादाची सभ्यता पाळली तर धर्माच्या मूलतत्त्वांवर हल्ला करणाराही गुन्हेगार ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी दुसऱ्या खटल्यात फूट याला वर्षभराचा तुरुंगवास झाला, हेही सांगितले पाहिजे.

हिंदुस्थानात या सूत्राचा उपयोग नव्हता. कंपनी सरकार ख्रिस्ती असले तरी रयत हिंदू, मुसलमान, जैन, शीख, पारशी होती. एकाच धर्माला कायद्याचे संरक्षण दिले असते तर राज्य चालवणे अशक्य झाले असते. थॉमस मेकॉलेच्या मनात याचे उत्तर आधीच तयार होते. १८३३ मध्ये पार्लमेंटात ज्यूंच्या हक्कांवर बोलताना त्याने म्हटले होते, की आपण हिंदुस्थानात न्यायाधीश असतो तर मशीद भ्रष्ट करणाऱ्या ख्रिश्चनाला बेधडक शिक्षा केली असती. पुढच्याच वर्षी तो हिंदुस्थानात आला आणि त्याच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये दंडविधानाचा मसुदा सादर केला. धर्मविषयक गुन्ह्यांचे स्वतंत्र प्रकरण त्यात होते. प्रत्येकाला आपला धर्म पाळू द्यावा आणि कोणालाही दुसऱ्याच्या धर्माचा अपमान करू देऊ नये, हे त्याचे तत्त्व. मसुद्याला जोडलेल्या टिपणांत चर्चा आणि अपमान यांत भेद केला आहे. चर्चेतून सत्य हाती लागण्याचा संभव असतो, अपमानातून लागत नाही, म्हणून चर्चेला भरपूर मोकळीक द्यावी, पण चर्चेच्या आडून जाणूनबुजून केलेला अपमान रोखावा. त्याच टिपणांत धार्मिक क्षोभाची सरकारला वाटणारी धास्तीही स्पष्ट दिसते. तत्त्व आणि भीती या दोहोंतून हे प्रकरण जन्माला आले. त्यातले एकच पाहिले तर पुढचा इतिहास उलगडत नाही.

संहिता संमत होईपर्यंत मेकॉले हयात नव्हता. १८६० मध्ये मंजूर होऊन १ जानेवारी १८६२ पासून ती लागू झाली. कलम २९५ ने प्रार्थनास्थळाची किंवा पवित्र वस्तूची विटंबना, २९६ ने धार्मिक मेळाव्यातील अडथळा आणि २९७ ने दफनभूमीतील आगळीक हे गुन्हे ठरवले. २९८ वे कलम भावनांचे होते. दुसऱ्याच्या धार्मिक भावना दुखावण्याच्या बुद्धिपुरस्सर उद्देशाने उच्चारलेला शब्द, केलेला आवाज किंवा हावभाव, नजरेसमोर ठेवलेली वस्तू, यांसाठी एक वर्षापर्यंत कैद होती. समोरासमोरच्या अपमानाचा हा कायदा होता. छापील मजकूर त्यात येत नव्हता.

त्या काळातील धार्मिक वाद किती मोकळा होता याचा उत्तम दाखला मुंबईचा आहे. १८५७ च्या पहिल्या काही महिन्यांत विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते. जॉर्ज बोवेनसारखे धर्मोपदेशक ख्रिस्ती मताची बाजू मांडत, बुवा तिचे खंडन करत आणि वैदिक धर्माची बाजू लावून धरत. ऐकायला मोठा समुदाय जमे. या सभांचा वृत्तान्त पुढे पुस्तकरूपानेही निघाला. दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या ग्रंथांची चिरफाड झाली. महात्मा फुल्यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये आले, तेव्हा नवी संहिता लागू होऊन दशक उलटले होते. मराठीतले एकोणिसाव्या शतकातले समाजसुधारणेचे लेखन या मोकळिकीवर उभे आहे.

छापखान्यांची संख्या वाढली, स्वस्त पुस्तिका गावोगाव पोचू लागल्या, आणि कायद्यातली फट उघडी पडू लागली. १८९८ मध्ये कलम १५३-अ आले. समाजासमाजांत शत्रुत्व पसरवणे हा त्यामुळे गुन्हा झाला. पण एखाद्या धर्मसंस्थापकावरील टीका म्हणजे त्याच्या आजच्या अनुयायांविषयी शत्रुत्व पसरवणे होते का? या प्रश्नावर पंजाब पेटला.

१९२४ मध्ये लाहोरचे आर्यसमाजी प्रकाशक महाशय राजपाल यांनी ‘रंगीला रसूल’ ही पुस्तिका छापली. पैगंबरांच्या वैवाहिक जीवनाची त्यात टवाळी होती. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नव्हते आणि राजपाल यांनी ते अखेरपर्यंत सांगितले नाही. आर्यसमाजी आणि मुसलमान प्रचारकांमध्ये त्या सुमारास अशा पत्रकांची चढाओढ चालू होती. महात्मा गांधींनी त्याच वर्षी ‘यंग इंडिया’तून या पुस्तिकेचा कडक निषेध केला. सरकारने १५३-अ खाली खटला भरला. खालच्या न्यायालयाने जानेवारी १९२७ मध्ये राजपाल यांना दीड वर्षाची सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड सुनावला. अपिलात शिक्षा सहा महिन्यांवर आली. मग प्रकरण लाहोर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दलीपसिंग यांच्यापुढे गेले आणि ४ मे १९२७ रोजी त्यांनी राजपाल यांची सुटका केली.

हा निकाल पुस्तिकेची भलामण करणारा नव्हता. मजकूर द्वेषमूलक आहे आणि कोणत्याही सभ्य माणसाला त्याची शिसारी येईल, हे न्यायमूर्तींना मान्य होते. त्यांचा मुद्दा कायद्याच्या अर्थाचा होता. १५३-अ हे कलम आज हयात असलेल्या समाजावरील हल्ल्यासाठी आहे. दिवंगत धर्मपुरुषाच्या चरित्रावरील प्रत्येक टीका त्यात ओढली तर इतिहासकाराचे गंभीर लेखनही गुन्हा ठरेल. धर्मविषयक कलमांत अशा लेखनासाठी भर घालता येईल, असेही त्यांनी सुचवले. दलीपसिंग हे भारतीय ख्रिश्चन होते. निकालाविरुद्ध पंजाबात मोठी निदर्शने झाली. ‘मुस्लिम आउटलुक’ या वृत्तपत्राने न्यायमूर्तींवर टीका केली आणि त्याचे संपादक व मालक न्यायालयाच्या अवमानाबद्दल तुरुंगात गेले.

त्यानंतरचा घटनाक्रम लक्षपूर्वक पाहावा असा आहे. अमृतसरच्या ‘रिसाला-इ-वर्तमान’ या मासिकातही पैगंबरांविषयी विटंबनेचा लेख आला होता. तो खटला सरकारने थेट उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे नेला. ऑगस्ट १९२७ मध्ये खंडपीठाने १५३-अ अशा लेखनालाही लागू पडते असे ठरवून शिक्षा दिली. म्हणजे दलीपसिंग यांनी दाखवलेली फट तीन महिन्यांत न्यायालयानेच बुजवली होती. नव्या कायद्याची कायदेशीर निकड त्यानंतर फारशी उरली नव्हती. सरकारने तरीही विधेयक पुढे रेटले, कारण रस्त्यावरचा क्षोभ शमवायला काहीतरी हातात देणे राज्यकर्त्यांना आवश्यक वाटत होते. धर्मभावनांचे कायदे अशा घाईत जन्माला येतात आणि क्षोभ विसरला गेल्यावरही राहतात.

गृहसदस्य जेम्स क्रेरार यांनी सप्टेंबरमध्ये सिमल्याला मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडले. ते प्रवर समितीकडे गेले. या समितीचा अहवाल भारतीय कायद्याच्या इतिहासातला एक मोलाचा कागद आहे. समाजसुधारणेसाठी झटणारा लेखक एखाद्या धर्माच्या अनुयायांना मुद्दाम धक्का देऊ शकतो, त्यांचे लक्ष वेधण्यासाठी कठोर शब्द वापरू शकतो आणि त्याचा हेतू प्रामाणिक असू शकतो, हे समितीने लिहून ठेवले. अशा माणसाला गुन्हेगार ठरवायचे नाही, म्हणून मूळ विधेयकातील ‘बुद्धिपुरस्सर’ या अटीला तिने ‘दुष्ट’ हेतूची जोड दिली. मुहम्मद अली जीना यांनीही सभागृहात सांगितले, की ऐतिहासिक संशोधन करणारे, सत्याचा शोध घेणारे आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणारे यांना संरक्षण मिळालेच पाहिजे. मंजूर झालेल्या कलमानुसार, एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावनांवर आघात करण्याच्या बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट उद्देशाने त्याच्या धर्माचा किंवा श्रद्धांचा शब्दाने, लेखनाने वा चित्राने अपमान करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यायालयाने असा खटला चालवायचा नाही, ही आणखी एक भिंत घातली गेली.

समितीच्या डोळ्यांपुढे जो सुधारक होता तो फार दूर नव्हता. हे कलम लागू होऊन तीन महिने उलटतात तोच, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. सनातन्यांच्या भावना दुखावल्या यात शंका नाही. कृती पूर्ण विचाराने केलेली होती, म्हणजे बुद्धिपुरस्सर होतीच. पण अस्पृश्यतेच्या मुळाशी असलेल्या धर्माज्ञा नाकारण्याचा तो निर्धार होता, आणि त्याला दुष्ट हेतू म्हणणे म्हणजे सुधारणेलाच गुन्हा म्हणणे. ‘दुष्ट’ या एका अटीत किती माणसांचे स्वातंत्र्य सामावले होते, ते महाडवरून कळते.

शांतता राखण्याचे काम मात्र या कलमाने केले नाही. राजपाल यांच्यावर १९२७ मध्येच प्राणघातक हल्ले झाले होते. ६ एप्रिल १९२९ रोजी लाहोरमध्ये इल्मुद्दीन नावाच्या सुतारकाम करणाऱ्या तरुणाने त्यांना त्यांच्याच दुकानात सुऱ्याने भोसकून ठार मारले. अपिलात जीना त्याचे वकील म्हणून उभे राहिले, पण उच्च न्यायालयाने फाशी कायम केली. ३१ ऑक्टोबर १९२९ रोजी मियांवालीच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. दोन आठवड्यांनी त्याचा देह लाहोरला आणला गेला तेव्हा दफनाला प्रचंड जनसागर लोटला. ‘गाझी’ आणि ‘शहीद’ म्हणून त्याचे नाव आजही पाकिस्तानात घेतले जाते. निंदेची शिक्षा कायद्याऐवजी आपण द्यायची, या कल्पनेला तिथे एक नायक मिळाला.

फाळणीनंतर पाकिस्तानने हीच संहिता पुढे चालवली. तीन दशके कलम तसेच राहिले. जनरल झिया-उल-हक यांच्या राजवटीत, १९८० नंतर, एकामागून एक जोडकलमे आली. १९८२ च्या २९५-ब ने कुराणाच्या विटंबनेला जन्मठेप ठरवली. १९८४ च्या वटहुकमाने अहमदिया पंथीयांनी स्वतःला मुसलमान म्हणवणे हा गुन्हा केला. १९८६ च्या २९५-क ने पैगंबरांच्या निंदेला फाशी किंवा जन्मठेप सांगितली. आणि १९९० मध्ये केंद्रीय शरियत न्यायालयाने जन्मठेपेचा पर्याय इस्लामशी विसंगत ठरवला. २९५-क च्या शब्दांत सूचक, अप्रत्यक्ष उल्लेखही गुन्हा आहे, आणि बुद्धिपुरस्सर व दुष्ट उद्देशाची अट त्यात कुठेच नाही. १९२७ च्या समितीने जपून घातलेले शब्द गळाले आणि कायद्याचे घराणेच बदलले. भावना आणि शांतता यांच्यासाठीचा कायदा श्रद्धेच्या रक्षणाचा झाला.

त्याचे परिणाम आसिया बीबीच्या खटल्यात जगाने पाहिले. जून २००९ मध्ये शेखूपुरा जिल्ह्यातील एका गावात बायका फालशाची फळे तोडत होत्या. उन्हात आसियाने पाणी आणले. ती ख्रिश्चन, म्हणून तिच्या हातचे पाणी पिण्यास सोबतच्या बायकांनी नकार दिला आणि शब्दाला शब्द वाढला. काही दिवसांनी तिच्यावर २९५-क खाली फिर्याद झाली आणि २०१० च्या नोव्हेंबरमध्ये फाशीची शिक्षा. शिवाशिवीच्या भांडणाचा शेवट फाशीच्या कोठडीत झाला. तिची बाजू घेणारे पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांना जानेवारी २०११ मध्ये त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या, आणि दोन महिन्यांत केंद्रीय मंत्री शाहबाज भट्टी मारले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी पुराव्यातील विसंगतींमुळे आसियाला निर्दोष सोडले. त्यानंतर तिला देश सोडून कॅनडाला जावे लागले. २९५-क खाली शासनाने आजवर कोणाला फाशी दिलेली नाही. आरोप झालेल्यांचे मुडदे जमावाने किंवा एकट्यादुकट्या मारेकऱ्याने पाडले आहेत.

ब्रह्मदेशात कलम २९५-अ बौद्ध राष्ट्रवादाच्या हाती गेले. यांगूनमधील एका बारने डिसेंबर २०१४ मध्ये कानाला हेडफोन लावलेल्या बुद्धाचे चित्र जाहिरातीत वापरले. न्यूझीलंडचा व्यवस्थापक आणि त्याचे दोन बर्मी सहकारी यांनी चित्र काढून टाकून माफी मागितली, तरीही त्यांना अडीच वर्षांची सक्तमजुरी झाली.

युरोपने दरम्यान उलटी वाट धरली. ब्रिटनमध्ये १९७७ मध्ये ‘गे न्यूज’ या नियतकालिकावर येशूविषयीच्या एका कवितेवरून खटला चालला आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने १९७९ मध्ये असे ठरवले, की निंदा करण्याचा हेतू सिद्ध करण्याची गरजच नाही; छापण्याचा हेतू पुरे. ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’विरुद्ध तक्रार करू पाहणाऱ्या मुसलमानांना मात्र हा कायदा ख्रिस्ती धर्मापुरताच आहे, असे उत्तर मिळाले. असा एकतर्फी कायदा टिकणे कठीण होते. २००८ मध्ये इंग्लंड आणि वेल्सने तो रद्द केला. आयर्लंडने २०१८ च्या सार्वमताने राज्यघटनेतून तो गुन्हा काढला. डेन्मार्कने २०१७ मध्ये कायदा रद्द केला आणि कुराण जाळण्याच्या घटनांनंतर २०२३ च्या डिसेंबरमध्ये धर्मग्रंथांच्या विटंबनेपुरता नवा आणला.

स्वतंत्र भारताने कलम ठेवले आणि १९६१ मध्ये शिक्षा तीन वर्षांपर्यंत वाढवली. ते राज्यघटनेत बसते का, हा प्रश्न ‘गौरक्षक’ मासिकाचे संपादक रामजीलाल मोदी यांच्या खटल्यात १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. पाच न्यायाधीशांच्या पीठाने कलम वैध ठरवले, पण हेतूच्या अटीचाच आधार घेऊन. धर्माचा प्रत्येक अपमान गुन्हा नाही. बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने केलेला, उग्र स्वरूपाचा अपमानच गुन्हा आहे. २०१७ मध्ये महेंद्रसिंग धोनीला विष्णुरूपात दाखवणाऱ्या मुखपृष्ठाचा खटला रद्द करताना न्यायालयाने हेच पुन्हा सांगितले: नकळत किंवा बेफिकिरीने झालेला अपमान या कलमात येत नाही.

निकालांची ही परंपरा उदार आहे. पण पोलीस ठाण्याच्या पायरीवर ती पोचत नाही. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. सरकारची पूर्वपरवानगी न्यायालयाने खटल्याची दखल घेण्यासाठी लागते. फिर्याद नोंदवायला आणि अटक करायला लागत नाही. त्यामुळे १९२७ ची भिंत आरोपी तुरुंगात जाऊन आल्यावर उभी राहते. हेतू होता की नाही याचा निवाडा होईपर्यंत वर्षे जातात, आणि प्रक्रियाच शिक्षा होऊन बसते. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांच्यावर चित्रांवरून देशभर खटले दाखल झाले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये ते रद्द केले आणि नव्वदीतल्या चित्रकाराला आपल्या घरी राहून चित्रे काढता आली पाहिजेत, असे म्हटले. हुसेन तोवर देशाबाहेर गेले होते. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि २०११ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

मुंबईचे एक उदाहरण आणखी बोलके आहे. २०१२ च्या मार्चमध्ये विलेपार्ल्यातील एका चर्चजवळच्या क्रूसावरील येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. श्रद्धाळू ते तीर्थासारखे भरून नेऊ लागले. बुद्धिवादी चळवळीतले सनल एडमारुकू यांनी जागेची पाहणी केली. जवळची मोरी तुंबलेली होती आणि तिचे पाणी भिंतीतून व लाकडातून केशाकर्षणाने वर चढून खिळ्याच्या भोकातून झिरपत होते, असा उलगडा त्यांनी केला. त्यानंतर शहरातील पोलीस ठाण्यांत त्यांच्याविरुद्ध २९५-अ खाली तक्रारी झाल्या. अटकपूर्व जामीन मिळाला नाही आणि ते फिनलंडला निघून गेले. मोरीचे पाणी कुठून येते हे सांगण्यात दुष्ट हेतू काय, हा प्रश्न न्यायालयात विचारला जाण्याची वेळच आली नाही.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. २९५-अ आता कलम २९९ आहे. मजकूर जवळपास तोच, शिक्षा तीन वर्षांपर्यंतच. सोबत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत फिर्याद नोंदवण्यापूर्वी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सोय आहे. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले कवी इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून जामनगरात कलम २९९ सह अनेक कलमांखाली गुन्हा नोंदला गेला. २८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयां यांनी तो रद्द केला. अशा अभिव्यक्तीच्या गुन्ह्यांत ही प्राथमिक चौकशी करणे केव्हाही योग्य, असे त्यांनी सांगितले. आणि शब्दांचा परिणाम समंजस, कणखर माणसांच्या मापाने मोजावा, ही नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी चाळिसाच्या दशकात घालून दिलेली कसोटी पुन्हा लागू केली. हेतूचा प्रश्न फिर्यादीच्या टेबलावरच विचारला जावा, यासाठी आज कायद्यात असलेली वाट हीच आहे. पोलीस ठाण्यांनी ती वापरली पाहिजे.